फॅट लिबरेशन म्हणजे नक्की काय, आणि घरातल्या जाड माणसाच्या बाजूने उभं राहायचं तर काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की गणपतीला गावी वेंगुर्ल्याला जाता तेव्हा चुलत बहिणीला दरवर्षी जाडीवरून बोलतात, तुम्ही स्वतः बारीक, आणि फॅट लिबरेशनबद्दल, म्हणजे जाड माणसांच्या समान हक्कांच्या चळवळीबद्दल, वाचल्यापासून तिची बाजू घ्यावीशी वाटते पण बोलायचं काय ते सुचत नाही. मी कुडाळची, लहानपणापासून जाड, आता चाळिशी ओलांडली. तेव्हा ती चुलत बहीण मीच आहे असं समजून वाचा.

आधी काय करू नका ते सांगते. "अगो ती काय जास्त खाते, तिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत" हे तिच्या वतीने सांगू नका. बोलणारा चांगल्या मनाने बोलतो, माझा मामेभाऊ तर कोर्टात उभा असल्यासारखा बोलतो, पण होतं काय की पडवीत बसलेल्या अख्ख्या गोतावळ्यात माझ्या शुगरची चर्चा सुरू होते, आणि उद्या एखादा रिपोर्ट बिघडलाच तर मग बोलायला सगळ्यांना मोकळं रान. डायबेटिस असला तरी माणसाला बसायला धड खुर्ची लागते आणि चारचौघांत अपमान नको असतो, एवढंच म्हणणं आहे खरं तर.

आणि ही चळवळ मुळात तीच गोष्ट सांगत होती. 1967 साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पाचेकशे लोक जमले, डाएटची पुस्तकं आणि ट्विगी या काटकुळ्या मॉडेलचा फोटो जाळला, हे जरा गमतीतच झालं म्हणा. पण पुढे लॉस एंजेलिसला फॅट अंडरग्राउंड नावाचा बायकांचा गट उभा राहिला आणि 1973 मध्ये ज्युडी फ्रीस्पिरिट आणि अल्डेबरान या दोघींनी जाहीरनामा लिहिला. त्यात सरळ मागणी होती, जाड माणसांना आयुष्याच्या सगळ्या क्षेत्रांत समान हक्क द्या, आणि वजन उतरवून देतो म्हणून पैसे काढणाऱ्या धंद्याला त्यांनी शत्रू म्हटलं होतं. आता इन्स्टावर जे बॉडी पॉझिटिव्हिटीचं चालतं, आरशात बघा, स्वतःवर प्रेम करा, ते मला ठीक वाटतं पण त्यात सगळं काम परत जाड माणसानेच करायचं. नोकरी, घर, दवाखाना, सीट यांचं काय? न्यूयॉर्क शहराने 2023 मध्ये नोकरी आणि घर देताना वजनावरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली, त्याला मी लिबरेशन म्हणेन.

घरात कोणी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, काढलाच तर हे माहीत असू दे. हे गणित बेल्जियमच्या केटले या माणसाने 1830 च्या दशकात मांडलं, तो डॉक्टर नव्हता, त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, आणि या गणिताला बीएमआय हे नाव मिळालं ते थेट 1972 मध्ये. आपल्या पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचा आणि एका ब्रिटिश डॉक्टरमित्राचा फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3, पण मित्राच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि यांच्या अंगात 21.2. म्हणजे दिसायला बारीक असलेल्या तुमच्या काकांनी उगाच मिशीला पीळ देऊ नये. (हे काकांना ऐकवा असं म्हणत नाहीये, ऐकवलंत तर मात्र मला कळवा.)

दवाखान्याचं विशेष लिहिते कारण तिथे सोबत गेलेलं माणूस खरंच कामाला येतं. माझा कान ठणकत होता म्हणून एका डॉक्टरकडे गेले तर कानात बॅटरी मारायच्या आधी वजन कमी करा म्हणाले. बीपी बघायला दंडाला तो नेहमीचाच पट्टा गुंडाळला, पंप मारला की कर्र् करून वेल्क्रो सुटायचा, नर्स हाताने दाबून धरून बसली आणि आकडा आला भलताच. आता मोठा पट्टा लागणाऱ्याला साधा बांधला तर आकडा वाढीवच येतो, अमेरिकेतल्या 2023 च्या एका अभ्यासात सगळ्यात मोठा पट्टा लागणाऱ्यांचा वरचा आकडा जवळपास 20 ने जास्त दिसला होता, म्हणजे नसलेल्या बीपीची गोळी चालू व्हायची. त्या दिवशी बहीण सोबत होती, ती शांतपणे म्हणाली, "सिस्टर, मोठा कफ असेल ना, तो आणता का?" कपाटात होता. मीही मागू शकले असते, पण मी मागितलं की ती जाड बाईची तक्रार होते आणि तिने मागितलं की साधी विनंती, हा फरक तुमच्यासारख्यांनी वापरायचा असतो.

गणपतीतलं म्हणाल तर पहिला हल्ला दारातच होतो, "काय गो, केवढी सुटलस!" तिथे भाषण देऊ नका, "काकी, चाय टाका आधी, रात्रभर गाडीत बसान इलव" म्हणून विषय कापा. कुणी "तिका मोदक कमी वाढ" म्हटलं तर "तिका काय व्हया ता ती सांगात" एवढं पुरे. पंगत खुर्च्या-टेबलांवर असेल तर त्या प्लास्टिकच्या हाताच्या खुर्च्या मांडीला रुततात आणि पाय फाकतील याची धाकधूक वेगळी, तेव्हा बिनहाताच्या दोन खुर्च्या एकात एक घालून ठेवा, सगळे बसायच्या आधी, गाजावाजा न करता. मालवणला किल्ल्यावर जाणार असाल तर होडीवाल्याला जेट्टीवर आधीच बाजूला घेऊन मोठं लाइफ जॅकेट काढायला सांगा, नाहीतर बक्कल लागत नाही म्हणून अख्खी होडी खोळंबते आणि सगळे तिच्याकडेच बघत बसतात.

स्वतःबद्दलही बोलू नका तिच्यासमोर, म्हणजे "माझं पोट सुटलंय, शी" वगैरे. तुमच्या दोन किलोंची शी वाटते तर तिच्याबद्दल तुम्हाला काय वाटत असेल ते ती मनात लगेच मांडते. आणि हे सगळं वाचून तिला "मी तुझा ॲलाय, म्हणजे पाठीराखा, आहे" असं कृपया सांगू नका, तिला वजन कमी करायचं असेल तर तेही तिचं ती बघेल, त्यात तुमचा संबंध नाही.

बाकी गौरीला घरातल्या बायकांना ब्लाउजपीस घेणार असाल तर तिच्यासाठी मीटरभराचा बघून घ्या, दुकानात सर्रास 80 सेंटिमीटरचा देतात, त्यात आमचं होत नाही.