‘नॅनो’ नावाची पदवी शोधण्याआधी एक जेल नीट बनव

प्रश्न : मी सांगलीत बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गुडघ्यातली झिजलेली गादी दुरुस्त करायला नॅनोकण घातलेली हायड्रोजेल वापरण्यावर संशोधन चालू आहे, असं वाचलं. मला तेच करायचंय. एम.एस्सी. नॅनोटेक्नॉलॉजीला जाऊ का?

उत्तर : माझं मत स्पष्ट आहे : तू केमिस्ट्री सोडू नकोस. ही गादी म्हणजे कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती स्वतःहून फारशी भरून येत नाही. तिथे पाण्याने भरलेलं जेल बसवलं, तर पेशींना ते मानवतं, पण शरीराचा भार पेलत नाही. म्हणून त्यात कण घालतात. म्हणजे मूळ प्रश्न जेल ज्याचं बनतं त्या पॉलिमरचा (लांब साखळीच्या रेणूंचा) आणि कणाच्या पृष्ठभागाचा आहे. कण कोणता, यानेही फरक पडतो. हायड्रॉक्सिअपेटाइट हे हाडातलं खनिज. हाडाकडच्या थराला ते शोभतं, वरच्या कूर्चेत मात्र नको तिथे कॅल्शियम साचण्याचा धोका असतो.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून हे कर. 100 मिली पाण्यासाठी 2 ग्रॅम सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळातून मिळणारं पॉलिमर), 0.3 ग्रॅम बारीक कॅल्शियम कार्बोनेट, 1.07 ग्रॅम ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन. नॅनोसिलिका एका संचात शून्य, दुसऱ्यात 0.1, तिसऱ्यात 0.2 ग्रॅम. सिलिका आधी थोड्या पाण्यात सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारं यंत्र) फोडून घे. दाट अल्जिनेटमध्ये थेट टाकलीस तर गुठळ्या होतात आणि दाब दिल्यावर तडा तिथूनच जातो. अल्जिनेट ढवळत्या पाण्यात चिमटीचिमटीने भुरभुरव आणि रात्रभर ठेव, म्हणजे बुडबुडेही निघून जातील. लॅक्टोन पाण्यात हळूहळू आम्ल बनतं, कार्बोनेटमधलं कॅल्शियम सुटतं आणि त्याने अल्जिनेट घट्ट होतं; म्हणून ते अगदी शेवटी घालून लगेच साच्यात ओत. कॅल्शियम क्लोराइडमध्ये बुडवण्याचा सोपा मार्ग टाळ. त्यात बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आत मऊच राहतं, आणि मग मोजमाप कशाचं केलं हेच कळत नाही.

प्रत्येक संचाच्या पाच चकत्या घे. ठरावीक वजन ठेवून व्हर्नियरने जाडी किती घटली ते मोज. फुगणं मोजायला फॉस्फेट बफर वापरू नकोस, फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं आणि चकती विरघळत जाते. सिलिकामुळे ताकद वाढेलच, असंही धरून चालू नकोस : अल्जिनेट आणि सिलिका दोन्हींवर ऋण प्रभार असतो, पकड कमी पडू शकते. तसं झालं तर कणाचा पृष्ठभाग का बदलावा लागतो, हा तुझा पुढचा प्रश्न झाला.

पुढच्या शिक्षणासाठी जॅम (आयआयटी वगैरेंतल्या एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा) देऊन एम.एस्सी. केमिस्ट्री, त्यात पॉलिमर हा विषय मिळतोय का ते पाहून विभाग निवड. पेशींची तोंडओळख त्याच दोन वर्षांत करून घे. मग सीएसआयआर-नेट ही परीक्षा दे, त्यातून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये अधिक घरभाडे भत्ता. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) पॉलिमरचा मोठा विभाग आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत रोपण-साधनांवर काम होतं, आणि आयआयटी मुंबईत बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंग विभाग आहे. नॅनोटेक्नॉलॉजीचा अभ्यासक्रम घ्यायचाच असेल, तर आधी विचार : विद्यार्थी स्वतः ऱ्हिओमीटर (जेल किती घट्ट, किती वाहतं हे मोजणारं यंत्र) चालवतात का, की नुसतं दाखवतात?