डबा हरवतो, त्याची काळजी नाही

प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे. बाटली व्हॅनमध्ये राहते, डबा वर्गात. सकाळी एक मोजा पायात, दुसरा हातात, आणि स्वारी बसलेली. बाई म्हणतात, "वर्गात असून नसतो." सासूबाई म्हणतात, "याचा बापही असाच वेंधळा होता." पाढे म्हणतानाही मध्येच गप्प होतो, मग पुढे सुरू. ओरडून उपयोग नाही. काय करू?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, डब्याचं नि मोज्याचं मला फारसं वाटत नाही. अशी मुलं माझ्याकडे ढिगानं येतात. खांद्याला हात लावला की भानावर येतात. आणि सासूबाईंचंही अगदीच खोटं नाही.

मी अडकलो ते पाढ्यांपाशी. 'सात चोक' म्हणून थांबला, नजर शून्यात, की लगेच खांदा हलवून बघा. तंद्री असेल तर मोडेल. हलवूनही पाच-दहा सेकंद दाद नाही, पापण्या फडफडतायत, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात 'अठ्ठावीस', तर ती फिट असू शकते. फिट म्हटलं की आपल्याला हातपाय झाडणं आठवतं, लोक कांदा हुंगवायला धावतात (त्याचा कुठल्याच फिटमध्ये उपयोग नाही). या प्रकारात मूल सहसा पडतही नाही. साधारण चार ते दहा वर्षांच्या मुलांत ती सुरू होते, दिवसातून कितीतरी वेळा येते, म्हणून आळस समजून मुलं बोलणी खातात. कंटाळ्याची तंद्री अभ्यासातच लागते. ही खेळताना, जेवतानाही येते.

असं दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते कदाचित कागदाचं भिरभिरं फुंकायला देतील; भराभर श्वास घेतला की ही फिट पुष्कळदा समोरच येते. घरी हा प्रयोग नको. ईईजीत (डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपायची तपासणी) निदान होतं, औषधं चांगली आहेत आणि बहुतेक मुलांचा त्रास वयात येता येता थांबतो. निदान होईपर्यंत एकट्यानं पोहणं आणि रस्त्यावर सायकल बंद.

फिट नसेल तर आधी कान तपासून घ्या. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचलं की मुलाला नीट ऐकूच येत नाही. झोपही बघा, या वयात 9 ते 12 तास लागते.

बाईंना मात्र उद्याच चिठ्ठी द्या : गप्प झाला तर रागावू नका, किती सेकंद गप्प होता ते घड्याळात बघून वहीत लिहा.