मोंढ्यातला गाळा रिकामा होतोय. नवीन भाडेकरू यायच्या आधी टाइल्स आणि पीओपी करून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की परभणीच्या नव्या मोंढ्यातल्या (धान्य बाजारातल्या) तुमच्या गाळ्यात बरीच वर्षं खतांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं, तुम्ही राहता पुण्याला, आणि मेडिकलवाला किंवा मोबाइलवाला मिळावा म्हणून आत टाइल्स-पीओपी करायचा विचार आहे.

नका करू. मेडिकलवाला रॅक आणि फ्रिजचे पॉइंट आपल्या सोयीनं काढतो, मोबाइलवाला तर छतापासून सगळं नव्यानं करून घेतो. तुमचं पीओपी पहिल्या आठवड्यातच फुटेल. जे भाडेकरू कधीच करणार नाही, त्यावर पैसे घाला: भिंत, स्लॅब, शटर, वायरिंग.

त्यातही आधी भिंत. युरिया, पोटॅश हवेतलं पाणी ओढतात. पोती वर्षानुवर्षं भिंतीला टेकून राहिली की क्षार प्लास्टरमध्ये शिरतात. उन्हाळ्यात भिंत कोरडी ठणठणीत दिसते आणि पाऊस सुरू झाला की खालचे दोन-तीन फूट ओलसर होऊन पांढरे पापुद्रे सुटतात. त्यावर पुट्टी मारून रंग दिला तर पुढच्या पावसाळ्यात भाडेकरूचा फोन येणारच. भिंत पाण्यानं धुवायचीही घाई नको, क्षार विरघळून आणखी आत जातात. कोरड्या ब्रशनं झाडा आणि जिथवर डाग चढलाय त्याच्या फूटभर वरपर्यंत प्लास्टर उतरवून नवीन करा. ते पूर्ण वाळल्याशिवाय रंगाऱ्याला बोलावू नका. रंग साधा पांढरा पुरे.

औषधांचा वास हा वेगळा विषय. जुना भाडेकरू म्हणेल, 'रॅक राहू द्या, डिपॉझिटमध्ये धरा.' धरू नका. लाकडी फळ्यांत कीटकनाशक मुरलेलं असतं, आणि पुढे तिथे किराणावाला आला तर त्याचा माल त्याच फळ्यांवर जाईल. फुटकी पाकिटं, अर्धवट बाटल्या त्यालाच न्यायला लावा. भंगारवाल्याला देणं किंवा नालीत ओतणं चालणार नाही.

शटर एका बाजूला अडकत असेल तर मिस्त्री ग्रीस मारून मोकळा होतो. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि जुन्या बांधकामाचे पाये तिच्याबरोबर हलतात. म्हणून आधी ओळंबा लावून चौकट बघायला सांगा. खताच्या क्षारांनी शटरच्या खालच्या पट्ट्या खाल्लेल्या असतात, तेवढ्या बदलल्या तरी भागतं.

आता कागद. पुण्यात बसून हेच राहून जातं. डिपॉझिट परत करण्याआधी ताबा मिळाल्याचं लेखी घ्या, मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा आणि त्या तारखेपर्यंतचं बिल भरून घ्या. जुन्या भाडेकरूनं स्वतःच्या नावावर कनेक्शन घेऊन बिल थकवलं असेल, तर त्या जागेवर नवीन मीटर मिळताना महावितरण ती बाकी पुढे करतं. मंजूर भारही बघून ठेवा. दोन पंख्यांच्या दुकानाचा भार एसी आणि फ्रिजला पुरत नाही. शिवाय खतं-औषधांचा परवाना आणि जीएसटी नोंदणी दोन्हींवर तुमच्या गाळ्याचा पत्ता आहे. तो बदलल्याची किंवा नोंदणी रद्द केल्याची प्रत मागा.

नवीन करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे. राहत्या घराच्या लिव्ह अँड लायसन्समध्ये मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मिळवायची जी झटपट सोय आहे, ती दुकानाला नाही. त्यामुळे 'ओळखीचा माणूस आहे, साध्या बाँडवर भागवू' हा मोंढ्यातला लाडका सल्ला ऐकू नका. तुमचा जीएसटी नंबर नसेल आणि भाडेकरूचा असेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा १८ टक्के कर त्यानंच रिव्हर्स चार्जनं भरायचा असतो (जीएसटीची कंपोझिशन योजना घेतलेले छोटे व्यापारी सोडून). हे भाडं ठरवतानाच बोलून घ्या, नाहीतर तो नंतर तुमच्याकडे कपात मागेल.

पितृपक्षात कुणी गाळा बघायलाही येत नाही आणि दसऱ्याचा मुहूर्त सगळ्यांना हवा असतो. म्हणून गणपतीच्या आत काम उरकून गाळा दाखवायला काढा. किल्ली मात्र एजंटकडे देऊ नका, शेजारच्या आडत दुकानात ठेवा.