आधी बसायला शिक

प्रिय मित्रा,

परवा पुण्यात भेटलास तेव्हा समोरचा चहा गार होईपर्यंत तू एकच गोष्ट तीन तऱ्हांनी विचारलीस. मानसोपचारातलं एम.डी. अर्धवट सोडून परदेशात सायकेडेलिक थेरपीचा, म्हणजे भान बदलणारी द्रव्यं देऊन करायच्या मानसोपचाराचा, कोर्स करू का? मी तेव्हा विषय बदलला. मेलबर्नला परतले तरी तुझा चेहरा डोळ्यांपुढून हलेना, म्हणून लिहितेय.

एम.डी. सोडू नकोस. इथे ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून पीटीएसडीसाठी, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणाऱ्या मनोविकारासाठी, एमडीएमए (नशेच्या बाजारातलं 'एक्स्टसी') आणि औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सिलोसायबिन (काही अळंब्यांमधलं द्रव्य) द्यायची मुभा मिळाली, ती फक्त सायकियाट्रिस्टना, आणि तीही ज्याची त्यानं रीतसर अर्ज करून मिळवायची. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे ही दोन्ही द्रव्यं ओपीडीत यायचा प्रश्नच नाही. केटामिन हे भुलीचं औषध तेवढं आहे. शिवाय कुणाच्या घरात सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणारा आजार आहे, कुणाचा उत्साह म्हणजे मेनियाची, उन्मादाची सुरुवात आहे, कुणाला हे औषध चुकूनही द्यायचं नाही, हे वॉर्डात रात्री ड्युटी करूनच कळतं. हा विषय इथे संपला.

तुझा खरा प्रश्न तो नव्हताच. जाता जाता तू म्हणालास, "मॅडम, मी गोळ्या लिहिणारं मशीन झालोय. तिकडे निदान माणसाशी काहीतरी खोल घडतं." ते मला लागलं. पंचवीस वर्षांपूर्वी मुंबईच्या सरकारी रुग्णालयात मी अगदी हेच म्हणायचे. आणि तेव्हा जे शिकायला हवं होतं ते शिकले नाही, म्हणून तुला सांगते. बसायला शिक.

एमडीएमएच्या मोठ्या चाचण्यांचा आराखडा काढून बघ. तीनदा औषध, दर वेळी आठ तास. आधी तयारीच्या तीन बैठका, नंतर नऊ, प्रत्येक दीड तासाची. बेरीज बेचाळीस तास. त्यात औषध द्यायला घोटभर पाणी पिण्याइतका वेळ जातो. बाकी सगळा वेळ तू बसलेला असतोस. रुग्णाच्या डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत, कधी तास-तासभर एक शब्द नाही. तू फोन बघायचा नाहीस, "आता काय वाटतंय?" असं विचारायचं नाहीस. नुसतं बसायचंस, पण पूर्ण तिथेच असायचंस.

मला ते जमलं नाही. मुंबई सोडायच्या आधीच्या वर्षी नैराश्याच्या एका रुग्णाला केटामिन देत होते. किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, शिरेतून, चाळीस मिनिटांत. पन्नाशीच्या बाई, तरुण मुलगा गेलेला. विसाव्या मिनिटाला त्या रडायला लागल्या. आवाज अजिबात नाही, उशीची खोळ तेवढी भिजत चाललेली. उजव्या हाताची बोटं चादरीवरून सावकाश फिरत होती, कुणाच्या केसांतून फिरवावीत तशी. बीपी ठीक, ऑक्सिजन ठीक. सहन होत नव्हतं ते मला. मी मिडाझोलाम हे गुंगीचं औषध टोचलं आणि त्या झोपल्या. जाग आल्यावर म्हणाल्या, "डॉक्टर, तो आत्ताच आला होता हो." पुन्हा त्या आल्या नाहीत. केसपेपरवर मी लिहिलं होतं, 'रुग्ण अस्वस्थ'. अस्वस्थ मी होते.

लोक म्हणतात मी देश सोडून पळाले. नाही पळाले. एका सकाळी नव्वद केसपेपर उपसताना कुणापाशी बसणं शक्यच नव्हतं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले, आणि त्यात तथ्य आहे. पण त्या नव्वदांतल्या एकीपाशी दहा मिनिटं बसले असते तर रांग काही कोसळली नसती. हे मी आजवर कुणाला लिहिलं नव्हतं.

तू मला फोनवर ६७ टक्क्यांचा आकडा दाखवलास. २०२१ ची चाचणी, नव्वद रुग्ण, एमडीएमए घेतलेल्यांपैकी ६७ टक्क्यांना अखेरीस पीटीएसडीचं निदान लागू होत नव्हतं. त्याच्या शेजारचा आकडा वाचलास का? प्लासिबोच्या, म्हणजे नुसतं दिखाऊ औषध दिलेल्या गटातही असे ३२ टक्के होते. त्यांना एमडीएमए मिळालंच नव्हतं. त्यांच्यापाशी माणसं बसली होती, तितकेच तास. अरे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या ३२ मध्ये आहे आणि तू ६७ ला कवटाळून बसलायस!

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, तिथल्या औषध नियामकानं, एमडीएमए थेरपीला मान्यता नाकारली. औषध कुणाला मिळालं हे रुग्णांना सहज ओळखू येत होतं, हा एक मोठा आक्षेप होता. त्याच महिन्यात या थेरपीवरचे तीन शोधनिबंध मागे घेतले गेले. त्यामागचं एक कारण म्हणजे कॅनडातल्या एका चाचणीत थेरपिस्टनी रुग्णाबाबत मर्यादा ओलांडल्या होत्या. त्यांच्या कृत्याची आणि माझ्या सुईची बरोबरी नाही करत मी. पण ज्याला बसता येत नाही तो काहीतरी करायला जातो, आणि समोरचा तर त्या वेळी 'नको' म्हणायच्याही अवस्थेत नसतो. म्हणून घसा कोरडा करून सांगतेय, बसायला शिक. कोर्स नंतर कर, हवा तेवढा महागडा कर. शिफारसपत्र मी देईन.

सोमवारी ओपीडीत एक रुग्ण निवड, तुला ज्याचा सगळ्यात कंटाळा येतो तो. पेन खिशात ठेव, केसपेपर पालथा घाल आणि दहा मिनिटं त्याच्यासमोर बस. सीनियर ओरडला तर ओरडू दे. तो रुग्ण काय बोलला ते मला कळवू नकोस. तुझा हात किती वेळा पेनाकडे गेला, तेवढं लिही.

तुझी
मॅडम