एएचआर रिसेप्टर शिकताना आधी एवढंच

एएचआर (अरिल हायड्रोकार्बन रिसेप्टर, पेशीतलं रसायनं ओळखणारं प्रथिन) हा विषय छान निवडलास. लिगँडची, म्हणजे रिसेप्टरला चिकटणाऱ्या रेणूंची, यादी मात्र आत्ता पाठ करू नकोस. दोनच रेणू शेजारी ठेव: बाहेरून येणारं विषारी प्रदूषक डायॉक्सिन (त्यातला टीसीडीडी हा प्रकार) आणि ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लावर प्रकाश पडून तयार होणारं एफआयसीझेड. दोन्ही या रिसेप्टरला घट्ट चिकटतात. मग रिसेप्टर पेशीच्या केंद्रकात जातो, एआरएनटी या प्रथिनाशी जोडी करतो आणि सीवायपी१ए१चं जनुक चालू होतं. याच जनुकाचं एन्झाइम एफआयसीझेडला झटपट संपवतं. डायॉक्सिन मात्र माणसाच्या शरीरात वर्षानुवर्षं टिकतं. माझ्या मते सगळ्यात मोलाचा फरक हाच.

सुरुवातीच्या चुका:
- नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी समजणं.
- रेणू चिकटला म्हणजे रिसेप्टर चालू झाला, असं धरणं. काही रेणू चिकटून वाट अडवतात.
- सीवायपी१ए१ वाढलं की नवा लिगँड मिळाला म्हणणं. एन्झाइम रोखणाऱ्या पदार्थामुळेही एफआयसीझेड साठतं आणि तसंच दिसतं.

इतर रिसेप्टरांशी असलेलं नातं नंतर बघू.