दोरा बांधलेले भोपळे

संगमनेर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

"साडेतीन एकर रान आहे. पाण्याच्या बेताने वर्षातून दोनदा लाल भोपळा करतो. मुलाला बारावीला 71 टक्के. नीटला पहिल्या वर्षी 298, मग वर्षभर लातूरला ठेवला तर 341. आता म्हणतो, पुन्हा देणार नाही. सकाळी अभ्यासाच्या वेळेला वेलात जाऊन फुलांना दोरे बांधतो, वहीत काहीबाही लिहितो. उन्हाळी मालात दोरा बांधलेले चार भोपळे गाडीत गेले तर आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. भोपळेवाल्याच्या पोराने मार्कांचाही भोपळाच आणावा का? अर्धा एकर विकून खासगीत बीएएमएसला घालू, की आणखी एक वर्ष लातूर?"

नमस्कार.

आधी त्या विनोदाबद्दल बोलू. मार्कांचा भोपळा तुम्ही या पत्रात पहिल्यांदा काढलेला दिसत नाही, चांगला घोटलेला वाटतो. म्हणजे पाहुण्यांपुढे झाला असणार, पारावर झाला असणार, जेवायला बसल्यावरही झाला असणार. एकोणीस वर्षांच्या मुलाने त्यावर करायचं काय? हसायचं, की ताट सोडून उठायचं? 720 पैकी 341 म्हणजे भोपळा नव्हे. खुल्या प्रवर्गातून सरकारी एमबीबीएसला ते पुरत नाहीत, हे मात्र खरं, आणि ते त्याला तुमच्याआधी कळलंय. म्हणून तर तो नको म्हणतोय.

दुसरी गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलीत. तोडणीला माणसं मिळेनात म्हणून एप्रिलअखेर त्याला लातूरहून दहा दिवस बोलावून घेतलं. दादा, जानेवारीत लावलेला भोपळा चार महिन्यांनी काढणीला येतो, आणि गेली काही वर्षं नीट मेच्या पहिल्या रविवारी असते. तुमची तोडणी आणि त्याची परीक्षा एकाच पंधरवड्यात पडतात. देठ राखून कापावं लागतं, देठ मोडलेला भोपळा टिकत नाही, त्यामुळे नवख्या मजुरापेक्षा घरचा हात बरा, हे मला समजतं. "माझी पाठ गेली, त्याची जाऊ नये" हे तुमचं वाक्यही मी वाचलंय, आणि ते मनापासूनचं आहे याबद्दल शंका नाही. पण ज्याची पाठ वाचवायची म्हणून लातूरची फी भरली, त्यालाच परीक्षेच्या तोंडावर पाट्या उचलायला लावल्या. चार मजुरांची मजुरी वाचली आणि वर्षाची फी पाण्यात गेली. त्याचा हिशेब त्याच्या एकट्याच्या नावावर मांडू नका.

आता दोरे. तुम्ही जन्मभर भोपळा केला, मी तुम्हाला काय सांगणार. तरी सांगतो, कारण तो काय करतो हे तुम्ही त्याला विचारलेलं दिसत नाही. वेलावर नर फूल वेगळं, मादी वेगळं, आणि मादी फुलाच्या बुडाशी गोटीएवढा भोपळा आधीच धरलेला असतो. फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. मधमाशी कुठल्या वेलाचा पराग कुठे नेईल याचा नेम नाही. म्हणून घरचं बी धरलं की पुढच्या वर्षी एका वेलाला चपटा लागतो, दुसऱ्याला लांबट. हे टाळायचं तर उद्या उमलतील अशा नर आणि मादी कळ्यांची तोंडं आदल्या संध्याकाळीच दोऱ्याने बांधायची. सकाळी नर फूल खुडायचं, पाकळ्या सोलायच्या, उरलेला परागाचा दांडा मादी फुलात हलक्या हाताने फिरवायचा, ते फूल पुन्हा बांधायचं, देठाला खूण करायची आणि वहीत तारीख लिहायची. हे सकाळीच करावं लागतं. तुमच्या अभ्यासाच्या वेळापत्रकासाठी फूल थांबत नाही.

तुमच्या लेखी ते चार भोपळे म्हणजे वीस किलो माल, आडत्याच्या पट्टीवर दोन-तीनशे रुपयांची ओळ. त्याच्या लेखी तो अख्खा हंगाम होता, आणि तो कुणाच्या तरी घरी फोडी होऊन शिजला. आठ दिवस अबोला धरला, हे मला कमीच वाटतं.

म्हणून तो शास्त्रज्ञ होणार, असं मी म्हणत नाही. फुलं बांधणारा प्रत्येक मुलगा संशोधक निघत नाही, आणि नीटपासून लांब पळायला सापडलेली ही एक जागा असू शकते. वही बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. तुम्हीच मागा ती वही, मात्र मास्तरासारखी तपासायला नको. हाच वेल का निवडलास, पुढच्या पिढीत काय बघणार आहेस, एवढंच विचारा. त्याला उत्तर देता आलं आणि ते दहा मिनिटांत संपलं नाही, तर वैद्यकीयचा विषय तुमच्या घरात संपला असं समजा.

"अ‍ॅग्री केलं तर शेवटी रानातच यायचं, मग चार वर्षं कशाला घालवायची?" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. कृषी पदवी शेती शिकवण्यासाठी नसतेच. शेती तो तुमच्याकडे शिकलाय. पदवीत मातीचं रसायन, कीडशास्त्र, आनुवंशिकी, संख्याशास्त्र येतं, आणि पुढे वनस्पती पैदास किंवा बीजशास्त्रात एमएस्सी करता येते. तुम्ही पेरता त्या बियाण्याचं पाकीट कुणीतरी असंच फुलं बांधून तयार केलेलं असतं. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यात बियाण्यांची कंपनी काढली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तुमच्या शेजारच्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान बी जपल्याबद्दल त्यांना पद्मश्री मिळाली. शेतकऱ्याने राखलेलं वाण त्याच्या नावावर नोंदवता येतं, तसा 2001 चा कायदा आहे. दुसरी बाजूही सांगतो: कृषीची पदवी घेऊन पुण्याच्या अभ्यासिकेत वर्षानुवर्षं एमपीएससीसाठी बसलेली पोरं मी ढिगाने बघतो. नुसत्या पदवीने काही होत नाही. हातात प्रश्न घेऊन गेलेल्याला तिचा उपयोग होतो.

मार्ग एका ओळीत: एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा, तिच्या पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) गटातून राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांची महाविद्यालयं. सीईटी दिली आहे असं तुम्ही म्हणताच, तर नोंदणीच्या तारखा आजच बघा. सातबारा आणि बाकीचे दाखले काढून ठेवा.

अर्धा एकर विकू नका. बीएएमएस चांगलं शिक्षण आहे, पण ज्याला वैद्य व्हायचंय त्याच्यासाठी. घरचं रान विकून बसवलेला मुलगा साडेपाच वर्षं त्या रानाचं ओझं घेऊन वर्गात बसेल, आणि दर दिवाळीला तुम्ही त्याला त्याची आठवण द्याल. नाही म्हणू नका, भोपळ्याचा विनोद मी वाचलाय.

या हंगामात एवढं करा. पितृपक्षात लाल भोपळ्याला मागणी असते, तेव्हा तुम्ही सगळं रान एकदम मोकळं कराल. त्या वेळी तो कागदपत्रांच्या मागे असेल, तर दोन माणसं जास्त लावा, त्याला बोलावू नका. आणि त्या माणसांना सकाळीच बजावा: देठाला दोरा दिसला की त्याला हात लावायचा नाही. बियांचा भोपळा खायच्या भोपळ्याहून जास्त दिवस वेलावर पिकू द्यावा लागतो. भाव कितीही चांगला असला, तरी ते भोपळे त्या गाडीत जाता कामा नयेत.