नागपुरात कमी भांडवलावर ऑनलाइन मार्केटिंगचा टिकाऊ व्यवसाय उभा राहील का?

तुम्ही विचारलंय की खासगी नोकरी आहे, हाताशी साठ हजार रुपये आहेत, नागपूर सोडायचं नाही आणि ऑनलाइन मार्केटिंगचा असा धंदा हवाय जो सहा महिन्यांत गुंडाळावा लागणार नाही. नोकरी सोडू का, हेही विचारलंय. मी मानेवाड्यात घरच्या मागच्या खोलीत बसून सहा वर्षं हेच, म्हणजे छोट्या धंदेवाल्यांना ऑनलाइन गिऱ्हाईक मिळवून द्यायचं काम करतोय, म्हणून लिहितो.

आधी एक खुलासा. ऑनलाइन मार्केटिंग म्हटलं की आपल्याकडे बऱ्याच जणांना साखळी योजनाच आठवते. माझ्या आत्याचा पहिला प्रश्न होता, "मंग मेंबर किती करा लागते?" पैसे भरून खाली माणसं जोडायला कोणी सांगत असेल तर लांब राहा, २०२१ च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजनांवर बंदी आहे. तीस-चाळीस हजार घेऊन 'एजन्सीचे मालक व्हा' शिकवणारे कोर्सही मी त्याच रांगेत बसवतो. गूगलचं स्किलशॉप, म्हणजे त्यांचं ऑनलाइन प्रशिक्षण, फुकट आहे. तिथून सुरुवात करा.

धंदा टिकतो तो दर महिन्याला ठरलेली रक्कम देणाऱ्या लहान ग्राहकांवर. मला हे ठेच लागून कळलं. दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक कोचिंग क्लास होता आणि माझी निम्म्याहून जास्त कमाई त्याच्याकडून यायची. मी हुरळलो, बाकीच्यांना टांगून ठेवलं. जुलैत प्रवेश संपले आणि त्यांनी फोन उचलणं बंद केलं. दोन महिन्यांचं बिल आजतागायत येणं आहे. तेव्हापासून दोन नियम पाळतो. एका ग्राहकाकडून कमाईच्या पाव हिश्श्याहून जास्त नाही, आणि पैसे महिन्याच्या पाच तारखेच्या आत, आगाऊ.

ग्राहक कसा शोधायचा आणि त्याला नेमकं काय द्यायचं, ते एका माणसावरून सांगतो. त्रिमूर्तीनगरकडे एक कूलर-एसीचा मिस्त्री आहे. मी त्याला आधी हौसेनं इन्स्टाग्रामच्या रील करून दिल्या. लाइक बरे आले. तो म्हणाला, "भाऊ, लाइक घेऊन मी काय करू? मले फोन पायजे." खरंच होतं. भर उन्हात ज्याचा कूलर बंद पडतो तो रील पाहत नाही, गूगलवर 'कूलर दुरुस्ती' शोधतो आणि वर दिसेल त्याला फोन लावतो.

मग त्याचं गूगल बिझनेस प्रोफाइल बनवलं, म्हणजे गूगलवर आणि नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद. ते फुकट असतं. दुकान नाही, म्हणून घरचा पत्ता लपवून फक्त कुठकुठल्या वस्त्यांत जातो ते टाकलं. पडताळणीसाठी व्हिडिओ मागितला, तर हत्यारांची पेटी, गाडीवरचा फलक आणि एक उघडलेला कूलर दाखवला. नावात 'नागपुरातील सर्वोत्तम' वगैरे जोडू दिलं नाही. गूगलला ते चालत नाही, प्रोफाइल बंदही होतं. तो रिव्ह्यूसाठी गिऱ्हाईकाला पन्नास रुपये सूट देणार होता, तेही थांबवलं, कारण तीही नियमात बसत नाही. त्यापेक्षा ताट्या (कूलरच्या गवती जाळ्या) बदलून कूलर सुरू झाला, पहिली गार हवा आली, की तिथंच उभं राहून व्हॉट्सॲपवर लिंक पाठवायची. तेव्हा माणूस खूश असतो.

तरीही काम वाढेना. म्हणून एप्रिलात एक दिवस त्याच्या मागं गाडीवर बसून फिरलो. सकाळी अकरापर्यंत सात फोन आले आणि त्यानं उचलले दोन. "मी शिडीवर असतो न भाऊ, उचलू कवा?" गळती तिथं होती. त्या उन्हाळ्यापासून फोन त्याची बायको घेते. दोनशे पानी वहीत चार रकाने आखून दिलेत: नाव, वस्ती, कूलर की एसी, कधी यायचं. खरं तर काम वहिनींनी केलं आणि बिल मी घेतलं. पण गिऱ्हाईक कुठं सांडतंय हे शोधणं हाही आपल्याच कामाचा भाग समजा. तो मिस्त्री आज चार वर्षं माझ्याकडे आहे.

त्याची अडचण एकच, पाऊस पडला की धंदा झोपतो. म्हणून फेब्रुवारी ते जून साडेतीन हजार आणि बाकीचे महिने आठशे, असं ठरवलंय. माझी जुलैपासूनची पोकळी इतर भरतात. दिवाळीच्या आधी साडीवाले आणि मिठाईवाले, थंडीत लग्नाचे लॉन आणि आंबिया बहराची संत्री. ग्राहक निवडताना कॅलेंडर समोर ठेवा. सगळे कूलरवाले किंवा सगळे क्लासवाले घेतलेत तर वर्षातले चार महिने कोरडे जातील. आणि शक्यतो असे घ्या, जिथं गाडीनं वीस मिनिटांत पोहोचाल. समोर बसून घेतलेल्या चहानं जितके ग्राहक टिकले, तितके माझ्या रिपोर्टांनी टिकले नाहीत.

तुमचे साठ हजार ऑफिसात घालू नका. धरमपेठेत गाळा घेतला म्हणून गिऱ्हाईक येत नाही, भाडं मात्र येतं. लॅपटॉप असेल तर इंटरनेट, एक डोमेन (वेबसाइटचा पत्ता), पेट्रोल आणि वेगळा नंबर एवढ्यावर भागतं. उरलेले पैसे राखून ठेवा, रखडलेल्या बिलांच्या दिवसांत लागतात. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची नोंदणी) सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. गुमास्त्यासाठीही (दुकान-आस्थापना नोंदणी), एकट्यादुकट्याचं काम असेल तर, फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. जीएसटी नोंदणी आपल्यासारख्या सेवा व्यवसायाला साधारणपणे वर्षाची उलाढाल वीस लाखांपुढे गेल्यावर येते.

गूगल-फेसबुकवरच्या जाहिरातीचे पैसे कधीही स्वतःच्या कार्डावरून भरू नका. ग्राहकाचं कार्ड, ग्राहकाचंच खातं. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो हेही आधीच सांगा. ५,००० रुपयांत कर धरला तर जाहिरातीला ४,२३७ च उरतात. मी हे न सांगता 'पाच हजारांत करून देतो' म्हणून बसलो होतो आणि फरक खिशातून भरला होता. पेज, प्रोफाइल, डोमेन सगळं त्यांच्या नावावर आणि आपण फक्त व्यवस्थापक. काही जण पासवर्ड अडकवून ग्राहक धरून ठेवतात. इतवारी-महालात बाजार लहान आहे, एकाला अडकवलं की गल्लीभर कळतं.

आणि एकाच ॲपवर सगळा धंदा टांगू नका. जून २०२० मध्ये टिकटॉक एका रात्रीत गेलं, ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही सुमारे सहा तास बंद होते. गिऱ्हाइकांच्या नंबरांची यादी दुकानदाराच्या वहीत हवीच. मिस्त्री कूलरवर स्टिकर लावतो, 'नंबर सेव्ह करा'. कारण ज्यानं नंबर सेव्ह केलाय त्यालाच व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट, म्हणजे एकदम अनेकांना धाडलेला निरोप, पोहोचतो.

नोकरी आत्ता सोडू नका. संध्याकाळी आणि रविवारी आधी तीन ग्राहक सांभाळा, पाव हिश्श्याचा नियम ग्राहक वाढले की लावा. पहिल्याला एक महिना फुकट दिलंत तरी चालेल, दुसऱ्याला नाही. सलग सहा महिने वेळेवर येणारे पैसे पगाराच्या निम्म्यावर गेले की घरच्यांशी बसून नोकरी सोडायचं बोला. कूलरवाल्यांपासून सुरुवात करणार असाल तर जानेवारीच्या शेवटीच जा. एप्रिलात त्यांना तुमच्याशी बोलायला वेळ नसतो.